फाटक, नाव आणि पत्ता



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजचा आमचा विषय वरकरणी निराळा आहे. कंपनीने आपला सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे आपल्या नावाचा पत्ता साऱ्या जगाला सांगणारे यंत्र, आपल्याच फायरवॉलच्या आत ठेवावे काय, आणि ठेवायचे तर कसे ठेवावे, हा तो प्रश्न. कोणी म्हणेल, हा इंजिनिअरांचा विषय. युनियनवाल्यांना त्याचे काय? आमचे उत्तर असे की, हे यंत्र बंद पडले म्हणजे गिऱ्हाइकाचे पत्र येत नाही, मालाची मागणी नोंदली जात नाही, कामगाराचा रजेचा अर्ज पोचत नाही. आणि एवढे झाल्यावर कारणे दाखवा नोटीस मिळते ती रात्रपाळीला एकट्याने बसलेल्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाला. ज्याच्यावर आळ येतो त्याला आणि त्याची बाजू मांडणाऱ्याला यंत्राची घडण कळली पाहिजे. आमची शाळा लवकर सुटली. हे ज्ञान आम्ही सर्व्हरच्या खोलीत काम करणाऱ्या सभासदांकडून आणि पुस्तकांतून मिळवले आहे. ते जसे समजले तसे सांगतो.

प्रथम डीएनएस म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावावरून आकडा काढून देणारी सोय लागते. अगदी आरंभी ही सोय एका यादीने भागत असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात ही यादी ठेवली जाई, एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली, आणि जाळ्यातील प्रत्येक ठिकाण तिची नक्कल उतरवून घेई. यंत्रे वाढली तशी यादी फुगली, आणि नवी नक्कल हाती येईपर्यंत ती जुनी होऊ लागली. तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली नवी रचना मांडली. तिचे तत्त्व आपल्या ग्रामव्यवस्थेसारखे आहे. साऱ्या मुलखाची नोंदवही एका जागी ठेवायची नाही. वरच्या कचेरीने एवढेच सांगायचे की, अमक्या नावाची वही तमक्याकडे आहे. आणि प्रत्येकाने आपली वही आपण सांभाळायची. १९८७ साली या रचनेचे नियम पक्के झाले आणि आजही मुळात तेच चालू आहेत.

या रचनेत दोन निरनिराळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचे सारे बिघडते, म्हणून येथे थोडे थांबतो. एक काम वही सांभाळणाऱ्याचे. त्याने फक्त आपल्या वहीतले सांगायचे, पण ते जगातल्या कोणीही विचारले तरी सांगायचे. दुसरे काम शोध घेणाऱ्याचे. घरच्या माणसाने कोणतेही नाव विचारले की त्याने दारोदार चौकशी करून पत्ता आणून द्यायचा, आणि पुन्हा कोणी विचारील म्हणून काही काळ तो लक्षात ठेवायचा. पहिला साऱ्या जगाचा सेवक आहे, पण त्याचे ज्ञान आपल्या वहीपुरते. दुसऱ्याचे ज्ञान साऱ्या जगाचे, पण तो सेवक फक्त घरच्यांचा. सार्वजनिक डीएनएस सर्व्हर म्हणजे यांतला पहिला.

आता फायरवॉल. कारखान्याचे फाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. फाटकावर पहारेकरी असतो, त्याच्याजवळ नियमांची यादी असते. कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे हे तीवरून ठरते. शिवाय आतून बाहेर गेलेला माणूस परत आला तर त्याला घ्यायचे, यासाठी तो गेलेल्यांची नोंद ठेवतो. बहुतेक कंपन्यांत आतल्या यंत्रांचे आकडे खासगी असतात, १० किंवा १९२.१६८ यांनी सुरू होणारे. ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. फाटकावर त्यांचे रूपांतर सार्वजनिक आकड्यांत होते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, फाटकाचा धर्म अनोळख्याला अडवण्याचा आणि नावाच्या सर्व्हरचा धर्म अनोळख्याला उत्तर देण्याचा. ज्याचे कामच साऱ्या जगाशी बोलण्याचे आहे त्याला कुलपाआड बसवायचे, असा हा व्यवहार आहे. तो अशक्य नाही, पण काळजीने करावा लागतो. ती काळजी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. हा सर्व्हर कारखान्याच्या पोटात, पगारपत्रकांच्या आणि नकाशांच्या यंत्रांशेजारी ठेवू नये. जुन्या वाड्याला देवडी असे. बाहेरचा माणूस देवडीपर्यंत येई, चौकाच्या आत येत नसे. तशी देवडी फायरवॉलला करता येते. तंत्रज्ञ तिला डीएमझेड म्हणतात. बाहेरून देवडीत यायला ठराविक दार असावे, आणि देवडीतून आत जाणारे दार बंद असावे. उद्या कोणी लबाडीने तो सर्व्हर ताब्यात घेतलाच, तरी चोर देवडीतच अडकतो.

दुसरी गोष्ट दाराची. डीएनएसचे दार ५३ क्रमांकाचे आहे, पण त्या क्रमांकाची दारे दोन आहेत आणि पुष्कळजण एकच उघडतात. एक यूडीपीचे, दुसरे टीसीपीचे. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड: प्रश्न एका कार्डावर, उत्तर एका कार्डावर, पोचल्याची पावती नाही. टीसीपी म्हणजे टेलिफोन: आधी जोडणी, मग बोलणे. मूळच्या नियमांप्रमाणे पोस्टकार्डावर ५१२ बाइटांपेक्षा मोठे उत्तर मावत नसे. उत्तर मोठे असले तर सर्व्हर ‘उत्तर अपुरे आहे’ अशी खूण करी आणि विचारणाऱ्याने टेलिफोन करायचा. १९९९ साली मोठे कार्ड वापरण्याची सोय झाली. पण फार मोठे कार्ड वाटेत तुकडे होऊन हरवते असे अनुभवास आल्यामुळे २०२० पासून १२३२ बाइटांची मर्यादा पाळण्याचा प्रघात पडला. तेव्हा टेलिफोनचे दार चैनीचे नाही. २०१६ च्या नियमांत ते आवश्यक म्हणून स्पष्ट लिहिले आहे. तरीही ‘टीसीपी फक्त वहीची नक्कल देण्यापुरते लागते’ हा जुना समज फायरवॉल बांधणाऱ्यांत अजून आढळतो.

तिसरी गोष्ट वहीतल्या मजकुराची. बाहेरच्या वहीत सार्वजनिक आकडेच असले पाहिजेत. खासगी आकडा बाहेर गेला तर विचारणारा भलत्याच दारी जातो. उलट आतल्या कामगाराला सार्वजनिक आकडा दिला, तर त्याचे पत्र फाटकातून बाहेर जाऊन त्याच फाटकाने परत यावे लागते, आणि पुष्कळ फायरवॉली असा वळसा घेऊ देत नाहीत. म्हणून दोन वह्या ठेवतात, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक. यात कष्ट दुप्पट आहेत. एक वही दुरुस्त केली आणि दुसरी राहिली, तर ‘बाहेरून चालते, आतून चालत नाही’ अशी तक्रार येते. काही फायरवॉली उत्तरातला आकडा परस्पर बदलून देतात. ही सोय मोहाची आहे. पण उत्तरावर हल्ली डीएनएससेकची सही असू शकते, आणि सहीच्या कागदात खाडाखोड झाली की तो कागद खोटा ठरतो.

चौथी गोष्ट अधिकाराची. मघाशी सांगितलेली दोन कामे एकाच सर्व्हरला देऊ नयेत. वही सांभाळणारा सर्व्हर बाहेरच्या कोणासाठीही दारोदार शोध घेऊ लागला, तर गुंडांच्या हाती हत्यार लागते. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. गुंड लहानसा प्रश्न पाठवतो, पत्ता मात्र आपल्या शत्रूचा लिहितो, आणि मोठे उत्तर त्या शत्रूच्या दारात जाऊन पडते. प्रश्नाच्या २८ ते ५४ पट मोठे उत्तर या रीतीने निघू शकते, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर अशाच उघड्या सर्व्हरांच्या साहाय्याने मारा झाला. त्याचा जोर सेकंदाला ३०० गिगाबिटांपर्यंत गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणून बाहेरच्यासाठी शोध बंद, आणि एकाच पत्त्याकडे फार उत्तरे जाऊ लागली तर त्यांना आळा, हे दोन्ही हवे. तसेच सबंध वहीची नक्कल वाटेल त्याला देऊ नये. जो दुय्यम सर्व्हर ठरवलेला आहे त्यालाच, आणि तीही किल्लीची खूण पटवून द्यावी.

पाचवी गोष्ट खुद्द फाटकाची. पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो, असे आम्ही म्हटले. प्रत्येक पोस्टकार्डासाठी फायरवॉल एक ओळ लिहिते आणि काही वेळ ती तशीच ठेवते. समजा सेकंदाला १०,००० प्रश्न आले आणि प्रत्येक ओळ ३० सेकंद राहिली, तर वहीत एका वेळी ३,००,००० ओळी होतात. नोंदवही भरली की पहारेकरी नवा माणूस घेत नाही, मग तो कोणत्याही कामाने आलेला असो. म्हणजे मारा झाला नावाच्या सर्व्हरवर आणि बंद पडले सारे कार्यालय! येथे संरक्षणाचे साधनच पहिले कोसळते. उपाय असा की, ५३ क्रमांकाच्या दारापुरती नोंद न ठेवणारा साधा नियम राउटरवर लिहावा: या दाराकडे येणारे येऊ द्या, या दारातून जाणारे जाऊ द्या, बाकी बंद. आणि सर्व्हर स्वतः पुरता बंदोबस्तात असावा. पुष्कळ साहेबांना हे पटत नाही. ‘पहारा कमी कसा करायचा?’ असे ते विचारतात. पण नोंद कमी केली म्हणजे पहारा कमी झाला असे नव्हे. यात्रेच्या दिवशी देवळाच्या दारात प्रत्येक भाविकाचे नाव लिहीत बसले तर रांग हलणार नाही आणि चोरही सापडणार नाही.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा पैसे वाचवण्यासाठी टाळली जाते. वही निदान दोन सर्व्हरांवर असावी, हे १९८७ पासूनच सांगितलेले आहे. ते दोन सर्व्हर एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या गावी आणि निरनिराळ्या जाळ्यांवर असावेत, हे १९९७ च्या नियमांत विस्ताराने आले. एकाच फायरवॉलमागे एकाच कपाटात चार सर्व्हर मांडले तर आकडा चार होतो, आधार मात्र एकच राहतो.

याचा दाखला मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने दिलेला आहे. २३ जानेवारी २००१ च्या संध्याकाळी तिच्या जाळ्याच्या कडेला असलेल्या राउटरांच्या मांडणीत एक बदल करण्यात आला, आणि तिचे नावाचे सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. संकेतस्थळे चालू होती, पण त्यांचा पत्ता सांगणारा कोणी उरला नव्हता. जवळजवळ एक सबंध दिवस हा घोळ चालला. कंपनीने नंतर जे निवेदन काढले त्यात एका तंत्रज्ञाने बदल केल्याचे सांगितले होते. परंतु जाणकारांनी लगेच दाखवून दिले की, तिचे चारही नावाचे सर्व्हर एकाच जाळ्यावर होते. बदल एका माणसाच्या हातून झाला हे खरे. पण एका माणसाच्या एका बदलाने चारही सर्व्हर नाहीसे व्हावेत ही रचना त्या माणसाने केलेली नव्हती. यानंतर कंपनीने अकामाई या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर दुय्यम सर्व्हर ठेवले.

वीस वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, फेसबुकची हीच गत झाली. देखभालीच्या नित्याच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने तिच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले; अशी आज्ञा अडवणारी तपासणीची सोय होती, पण तिच्यातच दोष होता. केंद्रांशी संबंध तुटलेला पाहताच नावाच्या सर्व्हरांनी, ठरवल्याप्रमाणे, आपल्याकडे येण्याचे मार्ग जाहीर करणे थांबवले. सर्व्हर धड होते, पण त्यांच्याकडे जाणारी वाटच पुसली गेली. सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम बंद होते. आतली साधनेही त्याच नावांवर अवलंबून असल्याने दुरुस्तीसाठी माणसांना प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावे लागले, आणि तेथील कडेकोट बंदोबस्तामुळे आत जाण्यातही वेळ गेला. तात्पर्य, दुरुस्तीची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवू नये. फायरवॉल बंद पडली असता तिच्यापर्यंत पोचण्याची वाट, दूरध्वनीचे क्रमांक आणि सूचना या नावांवर अवलंबून नसलेल्या जागी, शक्य तर कागदावर, असाव्यात.

आता आमच्या अनुभवातली एक हकिगत सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही. एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नावाचा सर्व्हर असाच फायरवॉलच्या आत होता. काही गिऱ्हाइकांकडे जाणारी पत्रे अचानक परत येऊ लागली. काहींकडे मात्र बिनबोभाट जात होती. कंत्राटदाराकडून आलेल्या एका तरुण तंत्रज्ञाने आदल्या आठवड्यात, वरिष्ठांच्या सांगण्यावरून, पत्र पाठवणाऱ्या यंत्रांची खातरजमा करणारी नोंद वहीत वाढवली होती. शेवटचा हात त्याचा, म्हणून दोष त्याचा, असे ठरले आणि कंत्राटदाराने त्याला कामावरून बंद केले. तो आमच्याकडे आला. आम्ही दोन जाणत्या सभासदांना बाहेरच्या जोडणीवरून प्रश्न विचारून पाहायला सांगितले. पोस्टकार्डाने विचारले तर ‘उत्तर अपुरे’ अशी खूण येई. टेलिफोनने विचारले तर कोणी उचलीत नसे. नोंद अगदी बरोबर होती. ती वाढल्याने उत्तर एका कार्डात मावेनासे झाले, आणि टीसीपीचे दार फायरवॉल बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून बंद ठेवले होते. ज्यांची यंत्रे मोठे कार्ड मागत त्यांना उत्तर मिळे, जी जुन्या मापाने विचारत ती अडत. म्हणून बिघाड अर्धवट दिसत होता.

हा कागद आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवला. दार उघडले, पत्रे जाऊ लागली. तरुणाला काम परत मिळाले, पण दुसऱ्या ठिकाणी, आणि मधल्या दिवसांच्या पगारासाठी आणखी दोन महिने भांडावे लागले. फायरवॉल बसवणाऱ्यांना कोणी प्रश्न विचारला नाही, कारण त्यांच्या करारात तसे कलमच नव्हते. आम्हाला या प्रकरणात न्याय मिळाला असे आम्ही म्हणत नाही, अर्धा मिळाला. आणि तो अर्धाही मिळाला तो ५३ क्रमांकाची दारे दोन असतात एवढे माहीत होते म्हणून.

मग फायरवॉलच्या आत सर्व्हर ठेवूच नये काय? आमच्या मते मध्यम आणि लहान कंपन्यांसाठी एक चांगला मार्ग आहे. मूळ वही आत ठेवावी, आपल्या माणसांच्या हाती. पण तिचे नाव जगाला सांगू नये. बाहेर, दोन वेगळ्या जाळ्यांवर, दुय्यम सर्व्हर ठेवावेत आणि जगाला त्यांचीच नावे कळवावीत. मूळ वही बदलली की ती त्यांना वर्दी देते आणि ते येऊन नक्कल नेतात. असे केले म्हणजे फाटक साऱ्या जगाला उघडावे लागत नाही. दोन-चार ठरलेल्या पत्त्यांना उघडले की झाले. कारखान्याची वीज गेली किंवा तार तुटली तरी बाहेरचे सर्व्हर हातातल्या नकलेवरून उत्तरे देत राहतात; किती काळ, हे वहीतच लिहिलेले असते, आणि ते दोन ते चार आठवडे असावे अशी जुनी शिफारस आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. वहीवर अनुक्रमांक असतो. मजकूर बदलला आणि अनुक्रमांक वाढवला नाही, तर दुय्यम सर्व्हर जुनीच नक्कल सांगत बसतात. तसेच पत्ता बदलायचा असेल तर लोकांनी तो किती वेळ लक्षात ठेवावा याची मुदत आधीपासून कमी करावी. ती ८६,४०० सेकंद असेल तर जुना पत्ता एक दिवसपर्यंत जगात फिरत राहतो. ३०० असेल तर पाच मिनिटांत विसरला जातो.

ही झाली यंत्राची व्यवस्था. माणसांची व्यवस्था तितकीच आवश्यक आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संगणक-सुरक्षेचा प्रसंग घडला तर तो लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावा लागतो, आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तास म्हणजे एक पाळीसुद्धा नव्हे. रात्री दोन वाजता काही घडले तर कळवायचे कोणी, कोणाच्या परवानगीने? ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याच्याकडे अधिकारही हवा. ज्या नोंदी १८० दिवस जपायच्या त्या कामगारालाही आपल्या बचावासाठी पाहता आल्या पाहिजेत.

म्हणून जेथे असा सर्व्हर आहे तेथील कामगार प्रतिनिधींना आमचे सांगणे आहे की, पुढच्या बैठकीत या मागण्या लेखी मांडा. दोन्ही दारे बाहेरून दर आठवड्याला तपासली जावीत आणि त्याचा कागद राहावा. दुसरा सर्व्हर वेगळ्या जाळ्यावर असावा. फायरवॉलचा नियम कोणी, केव्हा आणि कोणाच्या हुकमाने बदलला याची नोंद राहावी, मग तो बदल करणारा आपला असो की कंत्राटदाराचा. आणि बिघाडाची चौकशी रचनेपासून सुरू व्हावी. शेवटचा हात कोणाचा होता हा प्रश्न नंतर विचारावा. यांतल्या कोणत्याही मागणीला फार पैसा लागत नाही. व्यवस्थापनाने ‘हे तुम्हाला काय कळते?’ असे विचारले, तर आज येथे जे ऐकले ते त्यांना शांतपणे सांगा.